रेवडीचं आजारपण

पूर्वी प्रत्येक मोठ्या घरात आजारपण काढता येणारं एक माणूस असायचं. ते वैद्य नसायचं, नर्सही नसायचं. पण ताप किती वाजता चढला, पेजेचे किती घोट पोटात गेले, लघवीला किती वेळा झालं, घाम आल्यावर अंगातलं बदललं की नाही, हे सगळं त्या एका डोक्यात असायचं. आमच्या घरी त्या सासूबाई. त्यांचं माहेर कल्याणला, पारनाक्याजवळच्या वाड्यात. धाकट्या भावाला विषमज्वर झाला तेव्हा त्या शाळेत होत्या आणि रात्रीची पहिली पाळी त्यांची असायची. आईने जुन्या वहीची कोरी पानं दोऱ्याने शिवून दिली होती, त्यात त्या तासातासाला लिहीत. पुढे त्यांच्या सासऱ्यांचं, मग सासूचं, अशी एकेक आजारपणं त्यांनी काढली. आमच्या पिढीचं वेगळं. आम्ही माणसाला हॉस्पिटलात नेतो, बिल भरतो, घरी आणतो. निघताना कोणीतरी "काळजी घ्या" म्हणतं, आम्ही मान हलवतो. काळजी घ्यायची म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे मी सासूबाईंकडून यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी शिकले, आणि तेही एका सशाच्या आजारपणात.

रेवडी आमच्याकडे विकत आलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने मुलांच्या हौसेखातर पिल्लू आणलं होतं. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, पिंजरा गॅलरीत गेला आणि गॅलरीतून आमच्याकडे आला. पांढऱ्या अंगावर तिळासारखे करडे ठिपके, म्हणून माझ्या मुलीने नाव ठेवलं रेवडी. आता ती चार वर्षांची आहे. पिंजऱ्याचं दार कायम उघडं असतं. ती घरभर फिरते, सोफ्याखाली झोपते, सकाळी दूधवाल्याची बेल वाजली की दाराशी येऊन मागच्या पायांवर उभी राहते.

मार्चमध्ये तिच्या लघवीला लाल रंग दिसला. सशाची लघवी खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळेही तांबूस, कधी चक्क लाल होते आणि त्यात आजार काही नसतो. म्हणून डॉक्टरांनी आधी ती तपासून घेतली. रक्तच निघालं. सोनोग्राफीत गर्भाशय जाड झालेलं आणि आत गाठी दिसल्या. मादी सशाचं गर्भाशय लहानपणीच काढलं नाही, तर वयाबरोबर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. पाळीव मादी सशांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारी गाठ हीच. कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीबद्दल आता गल्लीगल्लीत बोललं जातं. सशांबद्दल कोणी बोलत नाही, कारण ससा तेवढा जगेल असं कोणी धरूनच चालत नाही. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं सहज जगतो.

डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "कुत्री-मांजरं मी रोज करतो. सशाचं पोट उघडायला माझा हात बसलेला नाही. ज्यांचा आहे त्यांच्याकडे न्या." आपल्याला काय येत नाही हे पेशंटच्या माणसांना तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. त्यांनीच ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. ससे, गिनीपिग, पक्षी, कासवं हे त्यांचं रोजचं काम.

ऑपरेशनचा खर्च ऐकल्यावर ओळखीपाळखीचे लोक म्हणाले, "ससाच ना? चार-पाचशेला दुसरा मिळेल." कोणी दुष्टपणाने म्हणालं नाही. हिशोब म्हणून ते बरोबरच आहे. पण या हिशोबाचं मूळ फार मागे जातं. परळच्या ज्या इस्पितळाला मुंबईकर अजून 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखतात, ते १८८०च्या दशकात सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने उभं राहिलं. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्या काळी शहराचा सगळा भार जनावरांच्या खांद्यावर होता. माल बैलगाड्यांतून जायचा, माणसं घोडागाड्यांतून, आणि १८७४ पासून पुढची तीसेक वर्षं ट्रामही घोडेच ओढत होते. लंगडणाऱ्या, जखमी, टाकून दिलेल्या जनावरांसाठी कोणालातरी कळवळा आला, ही मोठीच गोष्ट. तरीही पशुवैद्यकाची सुरुवात कष्ट करणाऱ्या, दूध देणाऱ्या, कमावत्या जनावरांपासून झाली. मग राखण करणारा कुत्रा आला, मग उंदीर धरणारी मांजर. ससा काहीच कमावत नाही. तो राखण करत नाही, बोलावल्यावर येतोच असं नाही. त्याच्यावर खर्च का करायचा, या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होतं आणि आहे: तो आपल्या घरात आहे आणि त्याला दुखतंय. प्राण्याच्या बाजारातल्या किमतीवरून त्याच्या दुखण्याची किंमत ठरवायची, हे मला पटत नाही.

भीती मात्र मनात होतीच आणि ती निराधार नव्हती. ब्रिटनमधल्या दवाखान्यांची एक मोठी पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. भुलीच्या काळात आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत दगावण्याचं प्रमाण त्यात कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के आणि सशांमध्ये १.३९ टक्के निघालं. म्हणजे सत्तर-बहात्तर सशांमागे एक. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त टेबलावर गेले नव्हते. ऑपरेशन पार पडल्यानंतर गेले होते. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हेच साध्या शब्दांत सांगितलं. "माझं काम तासाभराचं. खरं आजारपण तुम्हाला काढायचंय."

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. तोवर रेवडीशी त्यांचा संबंध कोथिंबिरीच्या काड्या टाकण्यापुरता होता. "मग मला नीट सांग," त्या म्हणाल्या. "खायचं काय, किती वेळाने, आणि कशावर लक्ष ठेवायचं."

सशाच्या बाबतीत पहिली गोष्टच आपल्या समजुतीच्या उलट आहे. माणसाला, कुत्र्याला, मांजराला भुलीआधी उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी होऊन ती श्वासात जाण्याची भीती असते. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या पोटाची रचनाच तशी आहे. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहायला लागतं. गवतातल्या चोथ्यावर लहान आतड्याच्या शेवटाकडच्या मोठ्या पिशवीत जंतूंचं काम अहोरात्र सुरू असतं. वरून गवत येणं थांबलं की ते काम मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखण्याने ससा आणखी खात नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की दिवसा-दोन दिवसांत जिवावर बेततं. ऑपरेशनची जखम उत्तम असूनही ससा दगावतो तो यामुळे. म्हणून ऑपरेशनसाठी ठाण्याला जाताना शिळफाट्याच्या कोंडीत गाडी अडकली होती तेव्हाही रेवडीच्या टोपलीत गवत होतं आणि तिने ते खावं म्हणून मी मनातल्या मनात तिच्या मिनतवाऱ्या करत होते.

ऑपरेशन ठीक झालं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तिचे कान गार पडलेले होते. सशाच्या अंगातली उष्णता कानांतून जाते-येते, भुलीनंतर अंग थंड पडतं. सासूबाईंनी जुन्या गोधडीच्या तुकड्यात कोमट पाण्याची बाटली गुंडाळून तिच्या कुशीला लावली आणि कान हातात धरून बसल्या. आतल्या खोलीत जमिनीवर अंथरूण केलं होतं, उडी मारण्यासारखं तिथे काही ठेवलं नव्हतं. फरशीवर पाय घसरू नये म्हणून खाली चटई, वर सुती चादर. सशाचे मागचे पाय एवढे जोरकस आणि पाठीचा कणा एवढा नाजूक, की दचकून मारलेल्या एका लाथेने त्याचा त्यालाच कणा मोडून घेता येतो. म्हणून त्याला उचलताना मागचा भाग नेहमी दुसऱ्या हातावर घ्यायचा. गळ्यात कॉलर घातली नव्हती. कुत्र्यांना घालतात तशी कॉलर सशाला घातली तर त्याला वाकून स्वतःच्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत. हे ऐकून बहुतेक लोक तोंड वाकडं करतात, पण सशाचं पोषण त्यावर अवलंबून आहे. गवत पहिल्या फेरीत पुरतं पचत नाही, दुसऱ्या फेरीत त्यातली जीवनसत्त्वं अंगी लागतात. डॉक्टरीणबाईंनी टाके कातडीच्या आतून घातले होते, दातांना सापडू नयेत म्हणून.

रात्री मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ससा भक्ष्य म्हणून जन्माला आलेला प्राणी. दुखतंय हे दाखवलं की कोल्हा आधी त्यालाच गाठणार. त्यामुळे तो कण्हत नाही, ओरडत नाही. गप्प बसून राहतो. कुत्र्याचं दुखणं घराला कळतं, सशाचं वाचावं लागतं. २०१२ मध्ये काही संशोधकांनी सशांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत मांडली. त्यात पाच गोष्टी बघायच्या असतात: डोळे किती मिटलेत, गाल आत ओढलेत का, नाकपुडीचा आकार, मिशा आणि कान. डॉक्टरीणबाईंनी त्याचं चित्र मोबाइलवर पाठवलं होतं. मी ते समोर धरून रेवडीकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले. एरवी फुगीर असणारे गाल बसल्यामुळे तोंड पुढून टोकदार दिसत होतं. नाक, जे जागेपणी क्षणभर थांबत नाही, ते थांबून थांबून हलत होतं. मिशा ताठ, कान पाठीला चिकटून मागे. कान जवळ नेला तर दातांचा बारीक करकर आवाज येत होता. हीच ती गेली चार वर्षं माझ्या पायांत घुटमळणारी रेवडी, आणि तिचा चेहरा मी इतक्या बारकाईने पहिल्यांदाच बघत होते. वेदनाशामक द्यायची वेळ अजून व्हायची होती. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी लवकर द्यायला सांगितलं. तासाभराने गाल भरले. डोळा पूर्ण उघडला.

औषधांबद्दल एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. घरात माणसांसाठी आणलेलं, उरलेलं अँटिबायोटिक 'लहान डोस करून' प्राण्याला द्यायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि ससा त्याने जातो. जे औषध आपल्या लेकराचा घसा बरा करतं, तेच त्याला विष ठरतं. मेडिकलच्या काउंटरवर कोणी मायेने सुचवलं तरी घ्यायचं नाही. सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही.

पहाट झाली तरी तिने तोंडात काही घेतलं नव्हतं. मग सुरू झालं सिरिंजने भरवणं. तिला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. मांडीवर टेकवायचं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये सशाला मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंजचं टोक आत सरकवायचं. सरळ घशात मारायचं नाही, श्वासात जाईल. थेंब थेंब सोडायचं, ती चावेपर्यंत थांबायचं, गिळेपर्यंत थांबायचं. पाण्यात कालवलेली गवताची पूड हिरवीगार असते. अर्धी तिच्या हनुवटीवर, पाव माझ्या कुर्त्यावर, उरलेली पोटात. मला घाई व्हायची. सासूबाईंनी माझ्या हातातून सिरिंज घेतली. त्यांच्या हाताला एक लय होती. थोडं पुढे, थांबा. थोडं पुढे, थांबा. तोंडाने काही पुटपुटत होत्या. स्तोत्र असेल, नाहीतर नुसतंच "हं, हं, घे." माझ्या सासऱ्यांना शेवटच्या महिन्यांत त्या याच लयीत पेज भरवायच्या. मी तेव्हा या घरात नवीन होते आणि ते लांबून बघायचे.

आणि मग ती वही. विषमज्वराच्या वहीसारखीच, यंदा मुलीच्या जुन्या वहीच्या पानांची. एका रकान्यात काय गेलं, दुसऱ्यात काय आलं. सशाच्या आजारपणात सगळा जीव अडकलेला असतो तो या दुसऱ्या रकान्यात. लेंडी दिसेपर्यंत घरात कोणाला घास गोड लागत नव्हता. दुपारी चादरीच्या सुरकुतीत पहिल्या तीन दिसल्या, मिऱ्यांएवढ्या, काळ्या, कडक. सासूबाईंनी त्या कागदावर घेऊन उजेडात नेऊन पाहिल्या आणि म्हणाल्या, "बारीक आहेत. पण सुरू झालंय." डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला, त्यांचंही अक्षरशः हेच उत्तर आलं.

स्वतःहून तिने पहिल्यांदा खाल्ल्या त्या दूर्वा. बाजारात परदेशी सुकं गवत मिळतं, चांगलं असतं, महागही असतं. तिने त्याला तोंड लावलं नाही. शेवटी मुलगी फडके रोडला गणेश मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींकडे गेली. मावशींनी विचारलं, "किती जुड्या?" मुलीने कारण सांगितल्यावर त्यांनी निवडलेल्या जुड्या बाजूला ठेवल्या आणि टोपलीतल्या ओल्या फडक्याखालची, न निवडलेली, मुळासकटची मूठभर हरळी काढून दिली. "देवाला कोवळी लागते. हिला दांड्याची दे, चावायला होईल." त्या बाईंना सशाचे दात ठाऊक होते. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. दांड्याचं गवत चावूनच ते झिजतात. हरळी धुऊन, निथळून रेवडीच्या नाकासमोर धरली. नाक हललं. मग एक काडी, टोकाकडून, आत जात जात दिसेनाशी झाली. मग दुसरी.

दुसऱ्या दिवशी उलटा प्रश्न उभा राहिला. डोंबिवलीचा मार्च म्हणजे दुपारी घराच्या भिंतीही तापलेल्या. सशाला घाम येत नाही. हवा तिशीच्या वर गेली की त्याला उन्हाचा झटका बसू शकतो. आदल्या रात्री जिला ऊब दिली, तिच्यासाठी आता फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवत होतो. कोणाच्या तरी जुन्या ओट्याचा शहाबादी फरशीचा तुकडा सोसायटीच्या आवारात पडला होता, तो धुऊन आणला. ती त्यावर अंग पसरून पडली, टाक्यांची बाजू मात्र आपसूक वर ठेवून.

त्यातच पाडवा आला. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा आमच्याच डोंबिवलीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली आणि आता ती महाराष्ट्रभर गेली आहे. आम्ही राहतो ती गल्ली फडके रोडच्या मागेच. मुलगी लेझमीच्या पथकात आहे, पहाटेच नऊवारी नेसून गेली. मला या यात्रेचं मनापासून प्रेम आहे आणि ढोल वाजायला लागले की पाय घरात ठरत नाहीत. यंदा मी खिडकीला गादी लावून, पंखा मोठा करून आतल्या खोलीत रेवडीजवळ बसले. पहिल्या टिपरीला तिने मागचा पाय जमिनीवर आपटला. तो सशाचा इशारा असतो, धोका आहे, बिळात चला. मी तिच्या पाठीवर हात पसरून ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. ढोल आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा तिचं हृदय माझ्या तळव्याखाली मोजता येणार नाही इतकं जोरात धावत होतं. तिने लाथ मारली नाही. पथक पुढे गेलं, तिने हळूच डोकं माझ्या मनगटाखाली घातलं आणि तिथेच राहिली.

एवढं करूनही तिचं प्रेम वाढलं असं झालं नाही, आणि हे सांगायलाच हवं. सिरिंज घेऊन येणारी मी तिला शत्रूच वाटत होते. मला पाहिलं की ती पाठ फिरवून बसायची. सशाचा रुसवा पाठीवरून कळतो. मला वाईट वाटलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्यांच्या सासूची गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. शेवटच्या वर्षात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. अंघोळ घालायला गेलं की त्या शिव्या द्यायच्या, चोर म्हणायच्या, एकदा चावल्याही. "मला रडू यायचं," सासूबाई म्हणाल्या. "मग माझ्या लक्षात आलं, त्या मला मारत नाहीयेत. त्या दुखण्याला मारतायत, आणि दुखण्याच्या पुढ्यात मी उभी आहे." एवढं बोलून त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि डोळ्यांना चष्मा लावून लेंड्या मोजायला बसल्या. वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या.

कुत्र्या-मांजराची, सशाची, माणसाची आजारपणं वेगवेगळी असतील; ती काढणारे हात वेगळे नसतात, असं मला आता वाटतं. हे हात घराघरांतून कमी होत चाललेत. आम्हाला औषधाचं नाव शोधून काढता येतं, पण घोट गिळेपर्यंत थांबता येत नाही. सासूबाईंच्या पिढीला ते येत होतं, कारण त्यांना पर्याय नव्हता, आणि त्यात त्यांचं तारुण्य खर्ची पडलं, हेही खरं. मी ते दिवस परत यावेत असं म्हणत नाही. ती विद्या मात्र मला हवी आहे, आणि ती फक्त बायकांच्या वाट्याला यावी असं नाही. माझा नवरा आता सिरिंज उत्तम धरतो. पहाटेची पाळी त्याने स्वतःहून मागून घेतली होती.

गर्भाशयाचा तुकडा तपासायला पाठवला होता. कर्करोगाची सुरुवात होती. बाहेर पसरलेला दिसला नाही. तरीही हा रोग फुप्फुसांत जाऊ शकतो, म्हणून काही महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा आहे. ठाकुर्लीच्या एका ओळखीच्या घरीही मादी ससा आहे, तीन वर्षांची, ऑपरेशन न झालेली. त्यांना रेवडीचे रिपोर्ट दाखवले, डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आणि सासूबाईंच्या वहीचा फोटोही पाठवला, रकाने कसे आखायचे ते कळावं म्हणून. आमच्या एक्स-रेची तारीख दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची घेऊन ठेवली आहे, फडके रोडवर फटाके सुरू व्हायच्या आत.